वखारीच्या दारातली बाई

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत मी नऊ वर्षं काम केलं. पाच वर्षं बायकांच्या रांगेत बसून आणि चार वर्षं दारात उभी राहून. रांगेतली पाच वर्षं मला जन्माचा खोकला देऊन गेली, पण त्या पाच वर्षांत दुपारची भाकरी मी एकटीनं कधी खाल्ली नाही. दारातल्या चार वर्षांत, पहिला आठवडा सोडला तर, मी कुणाबरोबर जेवल्याचं मला आठवत नाही.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. माझं सासर कोगनोळीच्या बाजूला. नवरा तीन दिवसांच्या तापात गेला, आणि सासूनं मला पांढऱ्या पायाची ठरवून महिन्याच्या आत वाटेला लावलं. निपाणीत माझी आत्या वखारीत कामाला होती, तिच्या खोलीत आले. दोन वर्षांनी आत्याही गेली. खोली राहिली, चूल राहिली आणि मी राहिले. माझी चौथीपर्यंत शाळा झाली होती. गल्लीतल्या बायका कधी पत्र वाचून घ्यायला यायच्या, एरवी तंबाखू चाळायला चौथीचा काय उपयोग!

तंबाखूचा मोठा गठ्ठा, त्याला आमच्याकडं बोद म्हणतात, तो फोडला की धुळीनं समोरचं माणूस दिसायचं नाही. आम्ही नाकातोंडावरून पदर घट्ट बांधायचो, नुसते डोळे उघडे. पहिल्या दिवशी मला तीनदा ओकारी झाली. शेजारी बसलेली थोराड बाई चाळणी न थांबवता म्हणाली, “ओक, ओक. चार दिस ओकशील, मग हुईल सवय. आमी समद्या ओकलोय.” हीच माझी आक्का. नात्याची नव्हे, पण नात्याच्या कुणी मला इतकं सांभाळलं नव्हतं. दुपारी तिनं मला चिंचेच्या कोळानं हात धुवायला शिकवलं, नाहीतर भाकरी कडू लागते. तरी लागायचीच, जरा कमी. पाच वर्षं तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली आणि माझ्यातली अर्धी तिनं.

वखारीतली प्रत्येक बाई घरी जाताना चिमूटभर चुरा कनवटीला खोचून न्यायची. तो तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, बारीक करायचा आणि सकाळी दातांना मिशरी म्हणून घासायचा. मिशरी लावल्याशिवाय आमच्याकडच्या बायांचा दिवस उजाडत नसे. दिवसभर तंबाखूच्या ढिगात बसायचं आणि मिशरीला तंबाखू दुकानातून आणायची, हे कुठल्या शहाण्या बाईला पटेल? मालकांनी कधी ‘न्या’ म्हटलं नव्हतं आणि ‘नेऊ नका’ असंही म्हटलं नव्हतं. या दोन्हींच्या मधल्या फटीत मुकादमाचं राज्य चालायचं.

मुकादम राक्षसासारखा दिसला असता तर बरं झालं असतं. पण तो होता नीटनेटका. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, गुरुवारचा उपास. मालकांशी कन्नडात बोलायचा, लोण्यासारखं मऊ, आणि आमच्याशी मराठीत, खेकसून. आम्हांला कन्नड कळत नाही अशी त्याची समजूत होती. निपाणीत कन्नड न कळणारं माणूस दिवा घेऊन शोधावं लागेल, पण आम्ही त्याची समजूत मोडायला गेलो नाही.

संध्याकाळी मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून एकेक बाई बाहेर पडायची आणि मुकादम तिची झडती घ्यायचा. झडतीच्या नावाखाली त्याचे हात कुठं कुठं जायचे ते मी लिहीत नाही. बायकांना कळेल, पुरुषांनी आपल्या आयाबहिणींना विचारावं. कनवटीला चिमूट सापडली की तो ओरडायचा नाही. हळूच म्हणायचा, “असू दे. ध्यानात ठिवतो.” मग चार दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, त्या बाईला मागची खोली झाडायला थांबवून घ्यायचा. नाही म्हणावं तर मालकांना सांगून चोर ठरवायची धमकी. एका वखारीत चोर ठरलेल्या बाईला निपाणीत दुसरी वखार दारात उभी करत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मला मिशरीची सवय नव्हती. आधीच तंबाखूनं पोटात ढवळायचं, त्यात सकाळी उठून तीच तोंडात कोण घालतो! त्यामुळे माझ्या कनवटीला कधी काही सापडायचं नाही, आणि तेच त्याला खुपायला लागलं. माझ्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा नळ होता. तिथं तो सकाळी सायकल टेकवून उभा राहू लागला. मी घागर लावली की सायकलची घंटी वाजवायचा. एकदा म्हणाला, “एकलीच असतीस न्हवं खोलीत? आतनं कडी घालत जा बाई, दिवस वाईट हायती.” शब्द बघितले तर काळजीचे. मी घागर अर्धी भरली तशीच उचलून घरी आले, आणि त्या दिवसापासून दिवसाढवळ्याही कडी घालून स्वयंपाक करू लागले. धुरानं डोळे चुरचुरायचे. पण गल्लीत कुणाला सांगणार? एकट्या बाईनं असलं काही सांगितलं की लोक आधी तिच्याकडंच बघतात.

एका संध्याकाळी झडतीत माझं भाकरीचं फडकं त्यानं उलगडलं आणि त्यातून मूठभर चुरा निघाला. मी तो ठेवला नव्हता. दुपारी फडकं खुंटीला अडकवलेलं होतं, एवढंच मला माहीत. तो हसला नाही, रागावला नाही, नुसतं म्हणाला, “परवा दुपारी मागची खोली झाडायची हाय.”

घरी जाताना मी आक्काला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल, मुकादमाच्या नावानं बोटं मोडेल. ती खाली बघत म्हणाली, “गप ऱ्हा. डोळं मिटून घ्यायचं अन् यायचं.”

“आक्का, तू सांगतीस हे?”

“म्या बी झाडलीया ती खोली. मेले व्हय?”

पाच वर्षं जिच्या फडक्यातली भाकरी मी खाल्ली, तिचं हे मला माहीत नव्हतं. ती कुठल्या कुठल्या दुपारी उशिरा जेवायला आली होती ते आठवायचा मी प्रयत्न केला, आणि मग माझी मलाच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या पेढीवर गेले. मालक जैन, शांत माणूस, कुणाला अरे-तुरे करून बोलायचे नाहीत. सगळ्यांसारखं मीही त्यांना अण्णा म्हणायची. काय बोलायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. पण पेढीवर हमाल उभे, कुणी व्यापारी बसलेला, आणि अण्णा माझ्याकडं न बघता समोरच्या तराजूकडं बघत ऐकत होते. मी बोलले ते एवढंच, “अण्णा, बाईमाणसाची झडती बाईनं घ्यावी.”

“का? कुणी काय केलं?”

नाव जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, “न्हाय. पद्धत बरी दिसत न्हाय.”

त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. एरवी मी अशी तोंडाळ की नळावर दोन बायांना पुरून उरायची, आणि जिथं तोंड उघडायचं तिथं पद्धतीच्या गोष्टी करत बसले. अण्णांना कळलं नसेल असं नाही. त्यांना कळून घ्यायचं नव्हतं, आणि मी त्यांची सोय केली.

ते म्हणाले, “बरोबर हाय तुझं. चार यत्ता शिकलीयास म्हणं. उद्यापासनं तूच घे झडती.”

“मी? अण्णा, ती झाडूवाली म्हातारी हाय की.”

“तिला धड दिसत न्हाय. आणि एक ध्यानात धर. झडती म्हंजे झडती. आजवर चाललं ते चाललं. आता एक काडी भाईर गेली तर ती तुझ्यावर.”

मागायला गेले एक आणि पदरात पडलं भलतंच. मुकादम मात्र मुकादमच राहिला, फक्त दार त्याच्याकडून गेलं. अण्णांनीच दारात उभ्या केलेल्या बाईला चोर म्हणायची आता त्याची सोय नव्हती, म्हणून माझी परवाची खोली तेवढी टळली. त्याच दुपारी त्यानं मला पोत्यांच्या थप्पीमागं गाठलं. “दार घेतलंस व्हय माझं? घे. तुझ्या दारातनं चिमूट जरी गेली, तर तू अन् ती, दोघी भाईर. आणि दार परत माझं. मी हितंच हाय, बग.” आणि खरंच, रोज संध्याकाळी तो बाहेर बैलगाडीला टेकून उभा राहू लागला.

मी सकाळी रांगेत सगळ्यांना सांगितलं की आजपासून कनवटीला काही ठेवू नका, तो बाहेर टपून बसलाय, एकीकडं जरी सापडलं तरी पुन्हा त्याच्याच हातात जायचं आहे. बायका पदराआडून हसल्या. “लई शाणी झालीस गं,” कुणीतरी म्हणालं. तोंडं बांधलेली, त्यामुळे कोण ते कळलं नाही. त्यांना वाटलं, आपलीच बाई दारात आहे, ती काय काढून घेणार!

मी काढून घेतलं. पहिल्याच संध्याकाळी चिमटी चिमटी करून टोपलीचा तळ झाकला. एक बाई माझ्या पायाशी थुंकली. दुसरी, वयानं मोठी, दारातून वाकून बाहेर जाताना म्हणाली, “त्यो मेला निदान मिशरी तरी ठिवू द्यायचा.”

मी पुढच्या बाईला हात वर करायला सांगितलं.

आठ-पंधरा दिवसांत मागच्या खोलीला कुणाला थांबवणं बंद झालं. धरायला त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं. ती झाडूवाली म्हातारीच सकाळी खोली झाडून टाकायची. हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्याबद्दल माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही, कारण तो शब्द बोलायचा म्हणजे आधी काय होत होतं तेही बोलावं लागलं असतं. मिशरीबद्दल मात्र मोकळेपणानं शिव्या देता येत होत्या, त्या मला भरपूर मिळाल्या.

दुपारी भिंतीच्या सावलीत बायकांची बैठक असायची. मी फडकं घेऊन गेले की मांड्या सरकायच्या आणि माझी जागा भरून जायची. आक्का पहिला आठवडा माझ्याजवळ येऊन बसली. मग एक दिवस ती तिकडं बसलेली दिसली, माझ्याकडं पाठ करून. तिला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. मी दाराशी बसून भिंतीकडं तोंड करून जेवू लागले. अर्धी भाकरी उरायची, कारण मला अर्धीच आपली मानायची सवय झाली होती. संक्रांतीला मी डबाभर तिळगूळ करून नेला. विधवेला हळदीकुंकू नसतं हे मान्य, पण तिळगुळाला काय अडचण होती? डबा तसाच परत आणला आणि आठ दिवस एकटीच खात बसले. दुसऱ्या वर्षी केला नाही.

रडू यायचं का? यायचं की. पण खोलीत, कडी घालून.

दारातल्या पहिल्याच वर्षी, फाल्गुनात, एक संध्याकाळ आली. आक्काची लेक तेव्हा वयात आली होती आणि पुढच्या महिन्यात वखारीत लागणार होती, एवढं मला उडत उडत कळलं होतं. त्या संध्याकाळी रांगेत आक्का सर्वांत शेवटी उभी राहिली. एरवी ती पहिल्या पाचांत असायची. ती पुढं आली, हात वर केले, मी कनवटीला हात लावला, आणि हाताला पुडी लागली. चिमूट नव्हे, चांगली मूठभर.

मी तिच्याकडं बघितलं. पदराच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होते. मी मान न वळवताच समजले की बैलगाडीपाशी तो उभा आहे. त्यात अण्णांची घरी जायची वेळ. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवण उरकायचं असे, म्हणून ते रोज याच सुमाराला दारापाशी येत, हे वखारीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमाला तर नक्कीच.

पुडी काढून टोपलीत टाकावी, तर अण्णांसमोर आक्का चोर. तशीच जाऊ द्यावी, तर बाहेर तिला धरतील आणि दोघी बुडालो. इकडं आड, तिकडं विहीर. मी विचार असा केलाच नाही. हातानंच केलं ते. पुडी मुठीत दाबली, हात मागं घेतला आणि खोकल्याचं निमित्त करून वाकले, तशी माझ्याच कनवटीला खोचली. म्हटलं, “जा.”

ती बाहेर पडली आणि मुकादमानं आवाज दिला. अण्णा तेवढ्यात दारात पोचले होते. मुकादम त्यांना कन्नडात सांगू लागला, या दोघी मैत्रिणी आहेत, रोज माल जातोय, आत्ताच्या आत्ता हिला बघा. अण्णा वैतागले, पण मला म्हणाले, “पुन्हा घे. माझ्यासमोर.” मी आक्काची झडती घेतली, पदर झटकला, निऱ्या झटकल्या. काही निघालं नाही. मुकादमाचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याची नजर माझ्यावर आली.

“आणि घेणारीची झडती कोण घेतंय, अण्णा?” या वेळी तो मराठीत बोलला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. बायका थांबल्या होत्या. कुणीच घरी गेलं नव्हतं.

मला हे कधी सुचलंच नव्हतं. एवढे महिने रोज सगळ्यांची झडती घेऊन मी शेवटी तशीच बाहेर पडत होते. अण्णा म्हणाले, “हे मात्र खरं हाय.” आणि आक्काकडं वळून म्हणाले, “बाई, तू घे हिची.”

आक्का माझ्यासमोर आली. मी हात वर केले. तिचा हात माझ्या कमरेला लागला, फिरला आणि पुडीवर येऊन थांबला. तिला काय सापडलंय ते तिला कळलं आणि तिला कळलंय ते मला कळलं. एक शब्द बोलली असती की तिची सुटका होती. मुकादम खूश, लेकीला काम, आणि मी निपाणीच्या बाहेर. मी डोळे मिटून घेतले.

“काय न्हाय हितं,” आक्का म्हणाली.

अण्णा मुकादमाला कन्नडात म्हणाले की बायकांच्या सुट्टीच्या वेळी तू दाराकडं दिसायचं नाहीस, मागं वजनाच्या काट्यावर थांब. सगळ्या बायकांना ते कळलं. दोन वर्षांनी तो वखार सोडून दुसरीकडं मुकादम म्हणून गेला. तिथल्या बायकांचं काय झालं, मी चौकशी केली नाही. करायला हवी होती.

मी मात्र त्या संध्याकाळी हरखून गेले होते. घरी जाऊन पुडी चुलीत टाकली आणि सकाळी लसणीचा ठेचा केला, आक्काला आवडायचा तसा, शेंगदाणे घालून. भाकऱ्या चार थापल्या. दुपारी सावलीत गेले. मांड्या सरकल्या. आक्का जागची हलली नाही. हात धुवायला ती हौदावर गेली तशी मी मागं गेले.

“आक्का, आता तरी बस की माझ्यासंगं.”

ती चिंचेनं बोटं चोळत राहिली. “त्यानंच दिलती पुडी मला. म्हणला, न्हाय नेलीस तर लेक कामाला येणार हाय, ध्यानात ठिव. म्हणून नेली.”

“ठाऊक हाय मला. पर तू न्हाय म्हणालीस की!”

“ते तुझ्यासाठनं न्हवं.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “माझ्या लेकीची झडती त्यानं घेऊ नये, म्हणून. तू दारात ऱ्हायाला पायजेस. दारातच ऱ्हा.”

“अन् भाकरी?”

“तुझ्यासंगं बसले की मला ती खोली आठवती गं,” ती म्हणाली. “तुला एकलीलाच म्या सांगितलंय ते.”

मी परत आले आणि ठेचा भिंतीकडं तोंड करून खाल्ला.

पुढच्या महिन्यात तिची लेक वखारीत लागली. हडकुळी, बडबडी पोरगी. पहिल्या संध्याकाळी मी कमरेला हात लावला तर गुदगुल्या होऊन ती खिदळली. मागच्या बायकाही हसल्या. ‘लई खडूस हाय बाई ही, चिमूट बी सोडत न्हाय’ असं ती आईला मोठ्यांदा सांगायची, मला ऐकू जाईल असं. त्या दाराची भीती तिला ठाऊक नव्हती आणि आक्कानं ती कधी सांगितली नाही. मग आक्का पुढं यायची, माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत हात वर करायची. सबंध दिवसात माझा हात तिला तेवढाच लागायचा, आणि तोही मी चटका बसल्यासारखा लगेच काढून घ्यायची.